हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, ओहोटीच्या वेळी

(काळभैरवाचं देऊळ, सकाळ)

27 जानेवारी 2024, शनिवार. प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली आणि ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा करत पुण्याच्या गाड्या रात्रीच श्रीवर्धन तालुक्यात उतरल्या. सकाळी सातला देवळापाशी मात्र मोजकीच माणसं आहेत. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, असा इथला दर्शनाचा क्रम. तो पाळून हे कुटुंब प्रदक्षिणेला निघालं आहे. आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं.

ही वेळ आजींनी ठरवली. त्यांचं माहेर याच किनाऱ्यावरचं. हॉटेलातला नाश्ता साडेआठला मिळतो, हे त्यांना सांगून झालं होतं. त्यांनी ऐकलं नाही, आणि बरं केलं.

(बोटांवर मोजणारा हात, जवळून)

कोकणात भरती तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा गुरुवारी झाली, आज वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दुपारी दीडच्या सुमाराला पूर्ण भरती. तिच्याआधी सहा तास आणि थोडी मिनिटं मागे गेलं की ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वासातच्या आसपास. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. थोडा फरक पडतो, पण आजी तेवढा धरूनच चालतात. त्यात पौर्णिमा नुकतीच झाली आहे, दिवस उधाणाचे आहेत. पाणी चढेल तेव्हा फार वर चढेल आणि उतरेल तेव्हा फार आत जाईल. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, समुद्र इतका हालत नाही.

(पायऱ्या, दोन कड्यांमधली चिंचोळी वाट, एकदम खुला समुद्र)

देवळामागून पायऱ्या चढायच्या, मग दोन कड्यांच्या मधून खाली उतरायचं. इथे दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. आजींनी चपला हातात घेतल्या आहेत, धाकट्या नातवानेही. खालून वारा वर येतो आहे.

आणि हा खडक.

(खडकाचा विस्तार, मग भिंत जवळून. दृश्य लांब ठेवणे)

शाळेच्या भूगोलात याला तरंगघर्षित मंच म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले आणि थंड होऊन त्यांचा काळा पाषाण झाला, बेसाल्ट. त्या कड्याचा पायथा लाटांनी कापत आणला. खाली पोकळ झालं की वरचा भाग कोसळायचा, कडा मागे सरायचा. कडा मागे सरला तिथे हा मंच उरला.

आता ही भिंत पाहा. मधाच्या पोळ्यासारखी खळीला लागून खळी आहे. काही खळ्यांत मुलीचं बोट जातं, काहींत अख्खी मूठ. छिन्नीने कोरल्यासारखं दिसतं, पण हे काम मिठाचं आहे. लाटांचे तुषार दगडावर बसतात. खारं पाणी बारीक भेगांतून आत मुरतं. ऊन पडलं की पाणी उडून जातं, मीठ आत राहतं. त्याचे स्फटिक वाढताना दगडाचे कण ढकलून सुटे करतात. एकदा खळी पडली की तिच्यात सावली राहते, ओल जास्त वेळ टिकते, म्हणून झीज तिथेच वाढत जाते. दोन खळ्यांमधली भिंत तेवढी उरते. काही ठिकाणी ती इतकी पातळ आहे की नखाने तुटेल.

याच भिंतीवर कुणी ऑइल पेंटने नावं लिहिली आहेत. ती पुसायला गेलं तर भिंतही जाईल.

(पाण्याची डबकी, कालवं वेचणाऱ्या बाया)

ओहोटीत मागे राहिलेल्या पाण्यात छोटे खेकडे, शंख. काठावर कालवं चिकटली आहेत. त्यांच्या कडा तळपायाला कापतात, म्हणून आजींनी आता चपला घातल्या आणि नातवालाही घालायला लावल्या. पलीकडे गावातल्या बाया टोकदार लोखंडाने कालवं फोडून आतलं मांस डब्यात काढताहेत. पाणी परत येईपर्यंतच त्यांना काम करता येतं.

दक्षिणेला सावित्रीचं मुख दिसतं. महाबळेश्वराला उगम पावलेली नदी इथे समुद्राला मिळते, पलीकडे बाणकोट. हरिहरेश्वर हे श्रीवर्धनच्या भट घराण्याचं, म्हणजे पेशव्यांचं कुलदैवत. दक्षिण काशी म्हणून इथे पितरांच्या कार्यालाही लोक येतात, खडकावर आजही दोन कुटुंबं विधीला बसली आहेत.

(लाट मंचावर चढते, फलक)

या वाटेवर लाटेने माणसं ओढून नेली आहेत. फलक लावलेले आहेत.

(देवळामागच्या पायऱ्या, गर्दी)

अकरा वाजता गर्दी येते. नाश्ता झालेला, हातात फोन, पोरं पुढे धावताहेत. अर्धा मंच एव्हाना पाण्याखाली आहे. आजी पायरीवर बसून आहेत. समोरून आलेल्या एका जोडप्याला त्या थांबवतात.

"आता खाली उतरू नका हो, भरती चढतेय. दीडला पूर्ण भरेल. संध्याकाळी सुकती होईल तेव्हा काळोख पडलेला असेल. उद्या तृतीया आहे, सकाळी आठला या."