कप जिंकून तिसऱ्या दिवशी मॅनेजर गेला, मग खुर्ची कुणाला?

नमस्कार मंडळी! आज बेसबॉल. थांबा, लगेच पुढचा व्हिडिओ लावू नका. नियम माहीत नसले तरी चालेल, कारण गोष्ट खुर्चीची आहे, आणि ती आपल्याला कुणी समजावून सांगावी लागत नाही.

२८ ऑक्टोबर २०११. सेंट लुईस कार्डिनल्सनी टेक्सास रेंजर्सना सातव्या सामन्यात हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम लढत, जिंकली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हाच संघ प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, जागेपासून साडेदहा सामने मागे होता! रविवारी शहरात मिरवणूक निघाली. ती आटोपल्यावर मॅनेजर टोनी ला रुसांनी खेळाडूंना गोळा केलं आणि सांगितलं, मी निवृत्त होतोय. सोमवारी जाहीरही करून टाकलं. वय ६७, मॅनेजर म्हणून ३३ हंगाम, २,७२८ विजय. विजयांच्या सर्वकालीन यादीत दुसऱ्या क्रमांकावरच्या जॉन मॅकग्रॉला मागे टाकायला अजून फक्त ३६ हवे होते. हंगामात सामने असतात १६२, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात आरामात जमलं असतं. तरी गेले.

आता हा मॅनेजर म्हणजे क्रिकेटमध्ये किट आणि हॉटेलच्या खोल्या बघतो तो नव्हे. आपल्याकडे कर्णधार मैदानात उभा राहून जे ठरवतो, ते हा डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकावर, बसून ठरवतो. बॅटिंगचा क्रम, पिचर (चेंडू टाकणारा) कधी बदलायचा, सगळं. अंगात खेळाडूंसारखाच गणवेश, तोही सदुसष्टाव्या वर्षी!

त्याच वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना घ्या. राखीव पिचर हात मोकळा करतात ती जागा म्हणजे बुलपेन. ला रुसांनी तिथे फोन लावून दोन नावं सांगितली, झेप्चिन्स्की आणि मॉट. गोंगाट इतका, की पलीकडच्या कोचला दुसरं नाव ऐकूच गेलं नाही. मॉट तयार नाही, त्यामुळे उजव्या हाताच्या नेपोलीसमोर डावखुरा झेप्चिन्स्की. नेपोलीने डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत पोचवणारा फटका, मारून दोन धावा काढून दिल्या, सामना ४-२ ने गेला. दुसऱ्या फोनला ‘मॉट’चं ‘लिन’ झालं, आणि पळत आला लिन. फोनवर कुणाला काय ऐकू आलं, याचा जाब दुसऱ्या दिवशी पत्रकारांना द्यायचा कुणी? मॅनेजरनेच.

मग अशा माणसाच्या जागी आणायचं कुणाला? हे ठरवायचं होतं जनरल मॅनेजर जॉन मोझेलायकना, म्हणजे संघबांधणी बघणाऱ्या वरच्या साहेबांना. ला रुसांनी त्यांच्या कानावर ऑगस्टमध्येच घातलं होतं, म्हणजे विचाराला वेळ मिळाला. सहा जणांच्या मुलाखती झाल्या. टेरी फ्रँकोना: बॉस्टनला २००४ आणि २००७ मध्ये कप जिंकून दिलेला, नुकताच मोकळा झालेला. रायन सँडबर्ग: हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या मानाच्या यादीतला खेळाडू, पण मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या स्पर्धांत, खालपासून काम केलेला. होसे ओकेंडो: घरचा माणूस, तिसऱ्या बेसवरचा कोच.

आणि निवडला माइक मॅथेनी. वय ४१. संघाचा जुना कॅचर (बेसबॉलचा विकेटकीपर म्हणा), डोक्याला बसलेल्या माराने कारकीर्द संपलेली. व्यावसायिक संघ एकदाही सांभाळला नव्हता! हो, लहान मुलांच्या संघाला शिकवायचा. त्या पोरांच्या पालकांना त्याने लांबलचक पत्र लिहिलं होतं: सामना बघायला या, पण आरडाओरडा न करता बघा. (हे पत्र आपल्याकडच्या मैदानांवरही लावायला हरकत नाही.)

माझं मत विचाराल तर मोझेलायकना दुसरा ला रुसा नकोच होता. मुरलेला मॅनेजर वरच्यांचं ऐकतोच असं नाही. नवखा ऐकतो. शिवाय घर भरलेलं होतं. डिसेंबरमध्ये संघाचा मोठा बॅटर पुहोल्स १० वर्षांच्या करारावर एंजल्स संघाकडे गेला, पण अख्खा डाव हाकणारा कॅचर यादियर मोलिना होताच. मॅथेनी २००४ नंतर संघ सोडून गेला, तेव्हा ती जागा याच मोलिनाने घेतली होती.

निकाल? पहिल्या चारही हंगामांत प्लेऑफ. असं त्याआधी कुठल्याच मॅनेजरने केलं नव्हतं. २०१३ मध्ये थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत मजल. पण नवखेपणाची किंमतही मोजावी लागली. ऑक्टोबर २०१४, सॅन फ्रान्सिस्को, प्लेऑफचा सामना, नववी म्हणजे शेवटची इनिंग, बरोबरी. मॅथेनीने आणला पिचर मायकल वाका, जवळजवळ तीन आठवडे सामन्यात एक चेंडू न टाकलेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या इशिकावाने होमरन मारला आणि मोसम तिथेच संपला. हा निर्णय मला आजही पटत नाही. जुलै २०१८ मध्ये मॅथेनीला काढलं.

आणि ला रुसा? २०१४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले. मग २०२० मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सना मॅनेजर हवा होता, तेव्हा त्यांनी कुणाला आणलं? ७६ वर्षांच्या ला रुसांना! त्याच क्लबने १९८६ मध्ये त्यांना काढलं होतं. राहिलेले ३६ विजय जून २०२१ पर्यंत झाले, मॅकग्रॉ मागे पडला. पुढच्या वर्षी तब्येतीने साथ सोडली, पुन्हा निवृत्ती, पुन्हा शोध. या वेळी निवड पेद्रो ग्रिफोलची. तोही मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वात वरच्या पातळीवर, पहिल्यांदाच मॅनेजर, मॅथेनीसारखाच. फक्त त्याच्या हाती मोलिना नव्हता. २०२३ मध्ये १०१ पराभव. २०२४ मध्ये त्याला ऑगस्टमध्येच काढलं, आणि त्या हंगामात संघ १२१ सामने हरला.