अक्षरी एक हजार फक्त

नमस्कार श्रोतेहो. अर्ज, पावती, चेक, खरेदीखत असं काही लिहिताना संख्या कुठं आकड्यात लिहायची अन् कुठं अक्षरात, त्यावर आज थोडं बोलू.

तारीख, गट नंबर, फोन, वजनमाप हे आकड्यातच बरं. वाक्य मात्र आकड्यानं सुरू करू नका, "३ मुलं गैरहजर" असं नको, "तीन मुलं" लिहा. आणि पैसा असला की दोन्ही. परत सांगतो, पैसा असला की दोन्ही, आधी आकड्यात, मग अक्षरी, अन् शेवटी "फक्त", म्हणजे पुढं कोणाला काही जोडता येत नाही. चेकवर दोन्हीकडं वेगळी रक्कम पडली तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १८ अक्षरातली रक्कम खरी धरतं, अर्थात बँक बऱ्याचदा असा चेक परतच पाठवते.

हे "फक्त" मी मामाकडून शिकलो. मामा जिंतूर तालुक्यातले, सात एकर कोरडवाहू, बी-खत एकाच दुकानातून उधारीवर. एका दिवाळीला कापूस विकून हिशोब केला, हजार रुपये राहिले, म्हाताऱ्या मालकानं वहीत लिहिलं अन् चिठ्ठीवरही, बाकी रु. १०००. मामा म्हणले, मालक, अक्षरी पण टाका. हजार रुपयाला कशाला, म्हणत का होईना, त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

पुढच्या मृगाला मी मामासोबत गेलो तर मालक घरी अंथरुणाला खिळलेले, गल्ल्यावर त्यांचा नातू, इंग्लिश मीडियमचा, त्यानं सगळी वही कॉम्प्युटरवर चढवलेली. म्हणे नऊ हजार बाकी आहे, ते भरा मग बियाणं. मामाचा चेहरा उतरला. बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून ती चिठ्ठी. पोरानं बघितली, म्हणे हे काय, नऊ हजारच तर आहेत.

आता बघा, मराठीतला एक अन् इंग्रजीतला नऊ दिसायला सारखेच, आणि शून्य तर दोन्हीकडं तेच. त्या लेकराचं काही चुकलं नव्हतं, त्याला कोणी मराठी आकडे शिकवलेच नव्हते. (२०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्त्याण्णवला "नव्वद सात" असं वाचन आलं तेव्हाही मला वाईट वाटलं होतं, आमच्या गुरुजींनी पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, इथपर्यंत घोकून घेतलं अन् ते आजही बाजारात कामाला येतं, सोपं करायच्या नादात लेकरांचे शब्द काढून घेऊ नयेत असं माझं मत आहे.)

तर मामा शांतपणे म्हणले, "बाबा, खालची ओळ वाच." पोरानं अडखळत वाचलं, अक्षरी... एक हजार... फक्त. दुकानात दहाबारा माणसं होती, कोणी बोललं नाही.

पोरानं लगेच आकडा दुरुस्त केला, माफी मागितली. आम्हाला वाटलं आता बियाणं घेऊन निघायचं, पण मामा तिथंच पोत्यावर बसले, म्हणले, "वही काढ, बाकीच्यांचं पण बघू, त्यांच्याजवळ चिठ्ठ्या नसतील." संध्याकाळच्या एसटीपर्यंत दोघं पान पान बघत होते, मामा आकडा वाचायचे, पोरगं टाइप करायचं, आणि एकाचे नऊ झालेली आणखी चार खाती निघाली.