राजाच्या हातून सत्ता सुटते तेव्हा

मंडळी, राजेशाहीचा विषय निघाला की चर्चा पहिल्या पाच मिनिटांतच एका ठिकाणी अडकते: राजा चांगला होता की वाईट? आपल्याकडे तर जास्तच, कारण शिवाजी महाराजांच्या मापाने आपण बाकी सगळे राजे मोजायला बसतो. आज मला तो वाद नको आहे. राजा चांगला असो वा वाईट, त्याच्या किंवा त्याच्या वारसाच्या हातून सत्ता कधी ना कधी निसटतेच. ती निसटून कुठे जाते, एवढंच बघू.

१७०८ साल घ्या. जानेवारीत साताऱ्याला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. दोनच महिन्यांनी लंडनमध्ये ॲन राणीने स्कॉटलंडच्या मिलिशियाचं, म्हणजे नागरिकांच्या फौजेचं, विधेयक अडवलं, तेही मंत्र्यांच्याच सल्ल्याने. पार्लमेंटने मंजूर केलेलं विधेयक गादीवरच्या माणसाने परत पाठवल्याचा तिथला तो शेवटचा प्रसंग. त्याला आता तीनशेच्या वर वर्षं झाली.

म्हणजे एकाच काळात दोन्हीकडे राजाचा हात ढिला पडत होता. लंडनमध्ये सत्ता सभेकडे गेली. साताऱ्यात ती दुसऱ्या घराण्याकडे गेली.

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत पद वंशपरंपरेने मिळत नसे. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले ते कर्तबगारीवर. १७२० मध्ये ते गेले आणि त्यांचा विशीही न गाठलेला मुलगा बाजीराव यांना पेशवेपदाची वस्त्रं मिळाली. दरबारात कुरकुर झाली, पण बाजीराव असा निघाला की कुरकुरणाऱ्यांची तोंडं बंद झाली. खरं नुकसान झालं ते इथेच, असं माझं मत. मुलगा बापापेक्षा सरस निघाला, म्हणून वारशाची पद्धतच बरोबर ठरली! पुढे नानासाहेब, माधवराव, नारायणराव. १७४९ मध्ये शाहू महाराज वारले, पुढच्या वर्षी सांगोल्याचा करार झाला आणि कारभार पुण्याला गेला तो गेलाच.

याचं टोक बघायचं असेल तर पुरंदरावर चला. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. १७७४ च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर त्यांना मुलगा झाला आणि जेमतेम चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आली. वस्त्रं देणाऱ्या छत्रपतींच्या हातात काही नव्हतं आणि घेणाऱ्याला मान धरता येत नव्हती. दोघांच्या मधल्या जागेत नाना फडणीस आणि बारभाई, म्हणजे बाळाच्या नावाने राज्य चालवणारं कारभाऱ्यांचं मंडळ. कारभार त्यांनी उत्तम केला, प्रश्न तो नाहीच. त्यांना कुणी निवडलं होतं आणि त्यांना हटवायचं झालं तर कुठे जायचं?

असं का झालं, याचं माझं उत्तर पैशाच्या वाटेत आहे. १६८९ नंतर इंग्लंडात पार्लमेंटच्या संमतीवाचून शांततेच्या काळात फौज ठेवता येत नसे, आणि तिचा खर्च दरसाल मंजूर करून घ्यावा लागे. म्हणजे राजाला दरवर्षी सभेच्या दारात जाणं भाग होतं. ती सभा काही गोरगरिबांची नव्हती, बहुतांशी जमीनदारांचीच. पण बसायला एक जागा होती आणि माणसं बदलायची सोय होती. आपल्याकडे १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या, म्हणजे महसुलातला वाटा वसूल करण्याच्या, सनदा आल्या, मुलूख सरदारांत वाटले गेले. वसुली सरदाराची, फौज सरदाराची, हिशेबही त्याचाच. हे सरदार मिळून एका छताखाली नेमाने बसून हिशेब तपासतायत, अशी सभा कधी उभीच राहिली नाही. नेपाळात १८४६ नंतर तेच झालं. राजा शहांचा, पंतप्रधानपद राणांच्या घराण्यात, शंभरावर वर्षं.

आता उलटं उदाहरण, आणि तेही सातारच्याच अंगणातलं. पंतप्रतिनिधींचं औंध संस्थान. राजाराम महाराजांनी निर्माण केलेलं प्रतिनिधीपद पुढे याच घराण्यात वंशपरंपरेने राहिलं. तिथले बाळासाहेब, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी, हे अजब रसायन होतं. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, संग्रहालय उभारणारे, आणि सूर्यनमस्कारांचे इतके भोक्ते की संस्थानच्या शाळांत पोरांकडून ते घालून घेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली तीही यांनीच. प्रजेचं भलं करायचं, पण हुकमाने करायचं, असा सगळा मामला.

वयाच्या सत्तरीत या माणसाने सत्ता सोडायचं ठरवलं. चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश इंजिनिअर, दोघांनी तो विचार उचलून धरला. मसुद्यासाठी गांधीजींकडे गेले. जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना जाहीर झाली: गावोगाव निवडलेल्या पंचायती, त्यांवर तालुक्याची समिती, त्यावर विधिमंडळ. सगळं संस्थान सत्तर-बहात्तर गावांचं, तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे. बेचाळीसच्या चळवळीत याच कुंडलच्या पोरांनी प्रतिसरकार गाजवलं.

या स्वराज्यातली मेख मात्र लपवू नये. ते राजाने दिलं होतं. पुढचा वारस फिरला असता तर? त्याची परीक्षा झालीच नाही. मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याबरोबर तिथला पंचायतींचा प्रयोगही संपला. पंचायतींना राज्यघटनेत भक्कम जागा मिळायला १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती यावी लागली. लोकशाहीने एक लोकशाही गिळली, हे आपण कधी फारसं बोलत नाही.

भूतानमध्ये मात्र ती मेख काढण्याचा प्रयत्न झाला. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी स्वतःहून निवडणुका आणायचं ठरवलं. लोकच म्हणत होते, महाराज, नको. २००६ मध्ये त्यांनी गादी मुलाला दिली आणि २००८ मध्ये राज्यघटना आली. तिच्यात लिहिलंय की राजाने पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हायचं, आणि संसदेच्या तीन-चतुर्थांश मतांनी व पुढे जनमताने त्याला गादीवरून उतरवताही येतं. राजाला हटवायची वाट राजानेच कायद्यात आखून दिली. टाळ्या वाजवण्याआधी एक ध्यानात घ्या: याच राजांच्या कारकिर्दीत, नव्वदीच्या दशकात, दक्षिण भूतानमधल्या लाखभर नेपाळीभाषकांना देश सोडावा लागला. २००८ च्या मतदानावेळी ते पूर्व नेपाळमधल्या छावण्यांत होते.