मायचा विसर आणि पोटातले जीवाणू

[दृश्य : नागपूरचा कळमना बाजार. संत्र्यांचे ढीग, चाललेली बोली. मग ताटलीत सोललेलं एक संत्रं.]

संत्र्याच्या फोडीवरचे हे पांढरे धागे बरेच जण निगुतीनं काढून टाकतात. त्यांत पेक्टिन असतं. पेक्टिन पचवणारी विकरं माणसाच्या शरीरात नाहीत, म्हणून जठर आणि लहान आतडं ओलांडून ते तसंच मोठ्या आतड्यात पोचतं. तिथले जीवाणू मात्र त्याच्यावर तुटून पडतात. ते पेक्टिन आंबवतात आणि त्यातून मुख्यतः तीन आम्लं तयार होतात : असिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. ज्वारीच्या भाकरीतला चोथा आणि तुरीच्या डाळीतलं न पचलेलं पिष्ट यांचंही असंच होतं.

ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तरातल्या पेशी जगतात. उरलेल्या आम्लांचा काही भाग रक्तात उतरतो आणि इथून पोटाची गोष्ट मेंदूकडे वळते. पूर्णपणे निर्जंतुक पिंजऱ्यात वाढवलेल्या उंदरांच्या मेंदूत मायक्रोग्लिया, म्हणजे राखण आणि साफसफाई करणाऱ्या पेशी, कच्च्याच राहतात. हे 2015 मध्ये दिसलं. त्याच्या आदल्या वर्षी दिसलं होतं की अशा उंदरांच्या मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांचा अडसरही गळका असतो. पोटात कोण राहतं याची खबर मेंदूला असते, एवढं यातून पक्कं झालं.

[दृश्य : रुग्णालयातल्या मेंदूविकार विभागाबाहेरचा बाक. म्हाताऱ्या आईचा हात धरून बसलेला मुलगा. चेहरे दिसत नाहीत.]

नागपुरात असो की काटोल-उमरेडहून आलेलं असो, डॉक्टरांसमोर बसलेलं माणूस आईच्या अल्झायमरबद्दल, म्हणजे विसर पाडणाऱ्या मेंदूच्या आजाराबद्दल, सगळं सांगून झाल्यावर उठता उठता हळूच विचारतं, “माह्या मायले झालं, तं मले बी होईन का?”

उत्तर एका जनुकापासून सुरू होतं. एकोणिसाव्या गुणसूत्रावरचं एपीओई. हे जनुक 299 अमिनो आम्लांचं एक प्रथिन बनवतं. कोलेस्टेरॉल आणि इतर चरबी इकडून तिकडे नेणं हे त्याचं काम. त्याचे तीन प्रकार आहेत : ई-2, ई-3 आणि ई-4. फरक फक्त अमिनो आम्लांच्या दोन जागांवर, क्रमांक 112 आणि 158. ई-3 मध्ये पहिल्या जागी सिस्टीन आणि दुसऱ्या जागी आर्जिनिन असतं, ई-4 मध्ये दोन्हीकडे आर्जिनिन. एवढ्या बदलानं प्रथिनाची घडी बदलते आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचा निचरा मंदावतो. ई-4 चा अल्झायमरशी संबंध 1993 मध्ये समोर आला.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. आईकडे ई-4 ची एकच प्रत असेल, तर ती मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. एक प्रत असणाऱ्यांत अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट, दोन प्रती असणाऱ्यांत आठ ते बारा पट धरतात. पण हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून आले आहेत. आफ्रिकी वंशाच्या लोकांत ई-4 चा प्रभाव कमी दिसतो. हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांमध्ये ई-4 चं प्रमाण अमेरिकेतल्या तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळलं होतं. म्हणून परदेशी तक्त्यात बोट ठेवून नागपूरच्या माणसाला टक्केवारी सांगणं चूक आहे.

आणि ई-4 असूनही म्हातारपणी शाबूत राहिलेली माणसं आहेत, ई-4 नसूनही आजार झालेली खूप आहेत. वेगळी आहेत ती एपीपी, पीएसईएन-1 आणि पीएसईएन-2 ही जनुकं. त्यांच्यातला दोष घरात पिढ्यान् पिढ्या, बहुधा साठीच्या आतच आजार आणतो. अशी घरं फार थोडी. तिथं तपासणीआधी जनुकीय समुपदेशन हवंच, कारण एकाच्या अहवालातून भावंडांनाही धोका असू शकतो हे कळतं.

[दृश्य : प्रयोगशाळा. उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर उघडतो, वाफ बाहेर येते.]

मग जनुक आणि जीवाणू एकमेकांना कुठे भेटतात? 2023 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून एक काम प्रसिद्ध झालं. उंदरांत माणसाचं बिघडलेलं टाऊ, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींत साचणारं आणखी एक प्रथिन, आणि माणसाचंच एपीओई जनुक घातलं. चाळीस आठवड्यांनी पाहिलं तर निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या मेंदूची झीज बरीच कमी होती. लहानपणी अँटिबायोटिक दिलेल्या नरांतही झीज घटली, माद्यांना मात्र तो फायदा मिळाला नाही. किती फायदा, हेही एपीओईचा प्रकार कोणता यावर अवलंबून होतं.

आता खरी अडचणीची गोष्ट. निर्जंतुक उंदरांना तीच तीन आम्लं पाण्यातून पाजली, तेव्हा मेंदूतला टाऊचा बिघाड वाढला. जी आम्लं आतड्याचं अस्तर सांभाळतात, त्यांनीच इथं मेंदूच्या राखणदार पेशी चेतवल्या. म्हणून “हे चांगले जीवाणू, हे वाईट” अशी यादी कोणी छातीठोकपणे देत असेल, तर तिच्यावर भरवसा ठेवू नका. या प्रयोगावरून मेडिकल स्टोअरमधून अँटिबायोटिक आणून घेणं तर धोक्याचं. म्हाताऱ्या माणसात त्यातून जुलाब, आतड्याचा गंभीर संसर्ग आणि अचानक बरळणंही सुरू होऊ शकतं.

माणसांतला पुरावा अजून फक्त संबंध दाखवणारा आहे. 2017 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये अल्झायमरच्या 25 रुग्णांच्या शौचात जीवाणूंची विविधता कमी आढळली. 2023 मध्ये 164 जणांचा अभ्यास झाला. सगळ्यांची स्मृती शाबूत होती, पण 49 जणांच्या शरीरात आजाराच्या खुणा सुरू झाल्या होत्या, आणि त्यांचे जीवाणू वेगळे होते. म्हणजे फरक विसर पडण्याच्या आधीच दिसतो. नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगसमधल्या संशोधकांनी जनुकांच्या माहितीवरून कॉलिन्सेला या जीवाणूगटाचा संबंध ई-4 शी जोडला. संबंध सापडला म्हणजे कारण सापडलं, असं मात्र नाही.

[दृश्य : नमुन्याची डबी, बाजूला औषधांच्या पट्ट्या.]

असे अभ्यास कुठं फसतात? आजारी माणूस कमी खातो, कमी चालतो, त्याला बद्धकोष्ठ होतं, आणि या प्रत्येक गोष्टीनं जीवाणू बदलतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन आतड्यातली वस्ती बदलते, ॲसिडिटीची गोळीही बदलते. नमुना घेण्याच्या रीतीनंही निकाल हलतो. शौचाचा नमुना लगेच गोठवावा लागतो किंवा जपणूक-द्रावणात टाकावा लागतो. मे महिन्यात, 45 अंशांत, साधी डबी स्कूटरच्या डिक्कीत तासभर राहिली की त्यातले काही जीवाणू वाढतात, काही मरतात, आणि अहवाल भलत्याच पोटाचा येतो. घरपोच मिळणाऱ्या तपासणीतून स्मृतिभ्रंशाचा धोका आज सांगता येत नाही. तो पैसा वाचवा.

[दृश्य : रक्ताची नळी. मग स्वयंपाकघर, तव्यावर भाकरी.]

तो पैसा बी-12 आणि थायरॉइडच्या तपासणीवर घाला. बी-12 ची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास असते. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांत ती आणखी वाढते. तिनं विसर पडतो, पाय बधिरतात, तोल जातो, आणि वेळेत सापडली तर सुधारते. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या आणि लघवी रोखण्याची काही औषधंही डोकं धूसर करतात. जनुक बदलता येत नाही. रक्तदाब, साखर, कमी ऐकू येणं, तंबाखू यांवर मात्र हात चालतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगानं असे 14 घटक मोजले आणि जगातल्या स्मृतिभ्रंशाचा सुमारे 45 टक्के भाग त्यांच्याशी जोडला. एखाद्या महागड्या कॅप्सूलपेक्षा कानाचं यंत्र लावणं आम्हाला कितीतरी मोलाचं वाटतं.

मग चोथा खायचा की नाही? खायचा. उंदरांना पाजलेली आम्लं आणि माणसाचं जेवण एक नव्हे, आणि हृदय, साखर, पोट यांसाठी चोथ्याचा फायदा पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम सांगते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम असतो, तांदळात त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. प्रत्येकी पन्नास ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण, पालेभाजी, पेरू आणि शिरांसकट संत्रं घेतलं की आकडा गाठता येतो. पण एकदम वाढवू नका, पोट फुगतं आणि म्हातारं माणूस ताटच सरकवतं. आठवड्याला एक पदार्थ वाढवा, पाणीही वाढवा. इसबगोल कमी पाण्यात दिलं तर घशात किंवा आतड्यात अडकतं. गिळताना ठसका लागत असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. ताकातले जीवाणू जिवंत हवे असतील तर ताक न तापवता द्या. कढीत ते मरतात.

[दृश्य : पिशवी भरणारे हात.]

डॉक्टरकडे जाताना सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घ्या, आयुर्वेदिक पुड्याही. जुने रक्ताचे अहवाल घ्या. कागदावर लिहून ठेवा : विसर पहिल्यांदा कधी जाणवला, पैशांचा हिशेब कधीपासून चुकतो, ओळखीच्या रस्त्यावर चुकामूक झाली का, महिन्याभरात कोणतं नवं औषध सुरू झालं. आणि आईसोबत जो रोज राहतो, त्यालाच बरोबर न्या.