सतरा-सीची प्रत

[दृश्य : तालुक्याच्या गावातलं सभागृह. ओळीने टेबलं, टेबलांवर मतदानाची मशीन. हातांचा क्लोजअप.]

हे हात प्राथमिक शाळेतल्या एका गुरुजींचे. कालपर्यंत ते पाचवीच्या वह्या तपासत होते. आज कंट्रोल युनिटच्या, म्हणजे मतं साठवणाऱ्या पेटीच्या, फटीत सीलची हिरव्या कागदाची पट्टी सरकवतायत, आणि पट्टी काही सरकत नाहीये. शेजारच्या बाई म्हणतात, "सर, आधी सही करून घ्या तिच्यावर. एकदा आत गेली की जमत नाही."

मशीनवर पिवळा स्टिकर आहे, म्हणजे हे प्रशिक्षणाचं मशीन. मतदानाच्या दिवशी केंद्रात जायचा पास आमच्याकडे नव्हता. आतलं जे काही टिपता आलं, ते या सभागृहातलं. तेव्हा इथेच नीट बघून घेऊ.

[दृश्य : वायरी जोडल्या जातात.]

मतदार बटण दाबतो ते बॅलेट युनिट, मताची चिठ्ठी छापतं ते व्हीव्हीपॅट. बॅलेट युनिटची वायर व्हीव्हीपॅटला, व्हीव्हीपॅटची कंट्रोल युनिटला. प्रशिक्षक दोनदा बजावतात, व्हीव्हीपॅट खिडकीसमोर किंवा बल्बखाली ठेवू नका. या सूचनेमागे आपल्याकडचाच अनुभव आहे. मे 2018 मध्ये भंडारा-गोंदियाची लोकसभा पोटनिवडणूक झाली. ऐन उन्हाळ्यात यंत्रं बिघडली आणि 49 केंद्रांवर दोन दिवसांनी पुन्हा मतदान घ्यावं लागलं.

मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप मतदान. बोलताना सगळे मॉक पोलच म्हणतात. किमान 50 मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. कोणाला किती टाकली ते कागदावर मांडायचं, मशीनचा निकाल काढायचा, व्हीव्हीपॅटमध्ये पडलेल्या चिठ्ठ्या मोजायच्या आणि तिन्ही आकडे जुळवायचे. क्लोज, रिझल्ट, क्लिअर. गुरुजी पाढे म्हणावेत तसं पुटपुटतायत : सीआरसी, सीआरसी. यातलं शेवटचं बटण राहिलं तर लुटुपुटूची 50 मतं खऱ्या मतांत मिसळतात. चिठ्ठ्यांच्या पाठीवर शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात जातात, पाकिटाला सील लागतं. मग हिरवी पट्टी. तिच्यावर केंद्राध्यक्षांची सही, आणि खाली जागा पोलिंग एजंटांच्या, म्हणजे उमेदवारांनी नेमलेल्या माणसांच्या, सह्यांना.

[दृश्य : भिंतीलगतचं रिकामं बाकडं. कॅमेरा स्थिर.]

एजंट बसतात ते हे बाकडं. प्रशिक्षणात ते रिकामंच असणार. पण मतदानाच्या दिवशीही पहाटे साडेपाचला अनेक ठिकाणी ते असंच दिसतं. कोणी आलं नाही तर केंद्राध्यक्ष पंधरा मिनिटं वाट बघतात आणि काम सुरू करतात. प्रचारात रात्री दहापर्यंत ढोल वाजवणारे पक्ष पहाटे एक माणूस बाकड्यावर बसवू शकत नाहीत, हे आम्हाला तरी समजलेलं नाही.

[दृश्य : केरळ. जुनी छायाचित्रं.]

मशीनवरचा वाद मशीनइतकाच जुना आहे. 1982 साली केरळातल्या परूर मतदारसंघात 84 पैकी 50 केंद्रांवर पहिल्यांदा मशीन वापरलं. कम्युनिस्ट पक्षाचे सिवन पिल्लै 123 मतांनी निवडून आले. हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस कोर्टात गेले. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, कायद्यात मशीनचा उल्लेखच नाही. त्या 50 केंद्रांवर कागदावर पुन्हा मतदान झालं आणि जोस जिंकले. पुढे कायदा बदलला, 2004 ची लोकसभा देशभर मशीनवर झाली. मग मशीनने काय नोंदवलं ते मतदाराला दिसावं म्हणून व्हीव्हीपॅट आलं. काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि डब्यात पडते. 2019 पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सगळ्या मोजा ही मागणी एप्रिल 2024 मध्ये न्यायालयाने फेटाळली.

[दृश्य : माळशिरस तालुका. मारकडवाडीचा रस्ता. गाडीतून चित्रण.]

त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. माळशिरसमधून उत्तम जानकर निवडून आले, पण मारकडवाडीत त्यांना 843 आणि भाजपच्या राम सातपुते यांना 1003 मतं. आमच्या गावात असं होणारच नाही, असं म्हणत जानकर समर्थकांनी 3 डिसेंबरला कागदावर फेरमतदान घ्यायचं ठरवलं. सातपुतेंना मानणारेही गावात होतेच, त्यांचं म्हणणं, आम्ही दिलीत ना मतं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले. मतदान झालं नाही. गुन्हे दाखल झाले.

त्या दिवशी आम्ही तिथे नव्हतो. आम्हाला मिळाला तो हा रस्ता, आणि पारावर बसलेली ही माणसं.

[दृश्य : पार. फक्त तिथले आवाज.]

[दृश्य : संध्याकाळ. शाळेचं फाटक, बाहेरून. रांग.]

सहा वाजले की फाटक बंद होतं. आत रांगेत उभे असतील त्यांना चिठ्ठ्या वाटतात, त्याही शेपटाकडून पुढे, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. राज्यात त्या 20 नोव्हेंबरला पाच वाजताचा आकडा होता 58.22 टक्के, अंतिम आकडा 66.05. मधली मतं आली कुठून, यावर महिनोन्‌महिने ओरड झाली. निवडणूक आयोग म्हणाला, पाचचा आकडा फोनाफोनीचा आणि अंदाजाचा, खरा हिशेब सतरा-सीमध्ये.

तर हा सतरा-सी, केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म. रजिस्टरमध्ये किती मतदारांची नोंद, मशीनमध्ये किती मतं, दोन्ही जुळतात का, प्रदत्त मतपत्रिका (आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं तर मिळते ती) किती, सीलचे नंबर काय. खाली सह्या. याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटला मिळते, आणि मोजणीच्या दिवशी टेबलावरच्या मशीनचा आकडा तिच्याशी ताडून बघता येतो. राज्यात लाखभर केंद्रं, केंद्रागणिक एक हिशेब. केंद्रनिहाय आकडे संकेतस्थळावर टाका, ही विनंती सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये अंतरिम आदेशापुरती मान्य केली नाही. एजंटाखेरीज इतरांना प्रत देणं कायद्याने बंधनकारक नाही, ही आयोगाची भूमिका. म्हणजे प्रत मिळते ती बाकड्यावर बसलेल्यालाच.

आकडा चुकीच्या रकान्यात गेला तर काय होतं, ते हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावाला माहीत आहे. 2022 च्या सरपंच निवडणुकीत एका केंद्राचे आकडे उलटसुलट झाले. ऑगस्ट 2025 मध्ये मशीन थेट सर्वोच्च न्यायालयात मोजली गेली. 1051 विरुद्ध 1000. सरपंच बदलला, पण मुदतीतली पावणेतीन वर्षं संपली होती.

[दृश्य : फाटकाबाहेर अंधार. एक तरुण बाहेर येतो. खांबावरच्या दिव्याखाली थांबतो.]

हा सकाळी साडेपाचला आत गेला होता. जेवणाचा डबा पक्षाकडून आलाच नाही, घरून भाकरी आली. दुसऱ्या बाजूचा एजंट चारलाच निघून गेला, असं तो सांगतो. मग दिव्याखाली प्रत उघडून शेवटचा आकडा बोटाने पुन्हा एकदा वाचतो.

[दृश्य : तो कागदाची चार पदरी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवतो. मोटारसायकल सुरू होते. निवेदन नाही.]