तोरणमाळ : घाटाआधीचा हिशेब

(दृश्य : सातपायरीची वळणं, वरून. सकाळचं कोवळं ऊन.)

हा सातपायरीचा घाट. म्हसावद, राणीपूर मागं पडलं की सपाटी संपते आणि सातपुडा अंगावर येतो. रस्ता एकावर एक रचल्यासारखा वर चढतो. वरच्या वळणावरची गाडी खालच्या गाडीच्या थेट डोक्यावर दिसते. या रस्त्याच्या टोकाला तोरणमाळ आहे. जिल्हा नंदुरबार, तालुका अक्राणी, उंची समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास. मे महिन्यात खाली सगळा खानदेश भाजून निघतो, तेव्हाही इथं संध्याकाळच्या वाऱ्यात गारवा असतो.

वर यशवंत तलाव आहे, सीताखाईची दरी आहे, गोरखनाथाचं मंदिर आहे, जंगलातली खडकीची पायवाट आहे. खोल्या मात्र मोजक्या. दुकानं मोजकी. रस्ता तर एका मोठ्या गाडीपुरताच वाटावा असा. एकटादुकटा माणूस यात कसाही सामावतो. पण समजा, २८ माणसांचा गट एकदम आला, की प्रत्येक गोष्ट मोजून घ्यावी लागते, आणि ती मोजायची जागा घाटाखाली, शहाद्यात आहे.

(दृश्य : नंदुरबारजवळ मिरचीच्या पथाऱ्या. लाल रंग चौकटीच्या कडेपर्यंत.)

सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार स्टेशन. बाहेरगावचे गट इथंच उतरतात. हिवाळ्यात आलात तर शहराबाहेर या पथाऱ्या दिसतील. ओली लाल मिरची उन्हात पसरलेली, आणि तिच्यात बसून देठ खुडणाऱ्या बाया. इथं दहा मिनिटं थांबायला हरकत नाही. नाकाला रुमाल लावा आणि पथारीत पाय घालू नका, तो वाळत घातलेला माल आहे.

पुढं प्रकाशाला तापी ओलांडायची. गोमाई इथंच तापीला मिळते. नंदुरबार ते शहादा चाळीसेक किलोमीटर, शहादा ते तोरणमाळ पन्नास-पंचावन्न. कागदावर हे दोन तासांचं अंतर दिसतं. गट घेऊन निघालात तर थांबा सोडून तीन ते साडेतीन तास धरा. सकाळी सातला नंदुरबार सोडलं की सव्वाआठला शहादा, नऊला पुन्हा गाडीत आणि अकराच्या सुमारास वर. ही वेळ चुकली तर दुपारचं जेवण चुकतं, आणि मग पुढचं सगळंच ढकलत न्यावं लागतं.

(दृश्य : शहादा. दोन टेम्पो ट्रॅव्हलर, टपावर सामान चढतंय.)

आता गाडी. सगळ्यात जास्त चुका इथं होतात.

२८ माणसं म्हटल्यावर आयोजकाच्या मनात पहिली येते ती लांबलचक आरामबस. भाडं एकच आणि सगळे एकत्र. पण घाटाच्या वळणावर गाडीची रुंदी जेवढी नडते त्याहून जास्त तिचं शेपूट नडतं, म्हणजे मागच्या चाकांच्या मागं राहणारा भाग. गाडी वळते तेव्हा हे शेपूट उलट्या बाजूला फिरतं. बाहेरच्या वळणावर ते कठड्यावर जातं. वळणातच चढ सुरू होत असेल तर खाली रस्त्याला घासतं. मग चालक गाडी मागं-पुढं करून वळण काढतो, आणि तेवढा वेळ मागची-पुढची सगळी वाहतूक चढावर उभी. एसटी वर जाते हे खरं. पण एसटीचा चालक या वळणांवर रोजचा असतो, आणि त्याच्या गाडीत प्रवाशांच्या सामानाचा डोंगर नसतो.

म्हणून १७ आसनांच्या दोन गाड्या घ्या आणि प्रत्येकीत १४ माणसं बसवा. उरलेल्या तीन आसनांवर पाण्याचे जार, शिधा, औषधाची पेटी. टपावर जड काही नको. वजन जितकं वर, तितकी गाडी वळणावर झुकते. अंथरूण-पांघरूण टपावर चालेल, तांदळाची गोणी नाही.

भाडं ठरवताना चार गोष्टी तोंडी न ठेवता चिठ्ठीवर घ्या : दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार, रात्रीच्या मुक्कामाचा चालकाचा भत्ता, चालकाच्या जेवण-झोपण्याची सोय कुणाकडे, आणि हा चालक याआधी तोरणमाळला गेला आहे का. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘जाईल की भाऊ, काय त्यात’ असं आलं, तर दुसरा चालक मागा.

(दृश्य : चाकाजवळ वाकलेला चालक. हाताचा पंजा ब्रेकच्या ड्रमजवळ, न टेकवता.)

हा हात पाहा. ड्रमला लावलेला नाही, चार बोटं दूर धरला आहे. तिथंच धग लागते आहे. उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवला की ड्रम आणि त्याला आतून घासणारी पट्टी, म्हणजे लायनर, तापतात. तापलेला लायनर पकड सोडतो. पेडल दाबलं जातं, पण गाडी थांबत नाही. त्याआधी जळका वास येतो. तो वास मागच्या सीटवरच्या माणसाला आधी येऊ शकतो, म्हणून प्रवाशांनाही हे माहीत असलं पाहिजे. वास आला की थांबायचं, पंधरा-वीस मिनिटं गाडीला दम खाऊ द्यायचा. तापल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, लोखंड तडकतं. ज्या गिअरमध्ये चढ चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल कधीच नाही. या डोंगरातल्या घाटांत माणसांनी भरलेल्या गाड्या दरीत गेल्या आहेत, जीव गेले आहेत.

थांबलेल्या गाडीच्या चाकाखाली दगड लावतात. निघताना क्लीनर चटकन गाडीत चढतो आणि दगड रस्त्यातच राहतो. मागून येणारा मोटरसायकलवाला धुक्यात त्याच दगडावर येतो. गटातल्या एका माणसाला हे एकच काम द्या : दगड उचलून कडेला ठेवल्याशिवाय त्याने गाडीत बसायचं नाही.

आणि पोट. शहाद्यात गरमागरम शेवभाजी समोर येते, हात आवरत नाही. पण तेलाचा तवंग पोटात घेऊन वळणं चढली की निम्म्यांना गाडी लागते. घाटाआधी पोहे, उपमा, एखादं केळं, एवढंच. शेवभाजी उतरताना खा, पोटभर. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी अर्धा तास आधी घ्यायची, राणीपूरला नाही, शहाद्यातच. त्यांना पुढं बसवा, नजर लांब रस्त्यावर ठेवायला सांगा. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला माणूस पहिल्या तीन वळणांतच खिडकी मागतो.

(दृश्य : घाटात रस्त्याकडेला उभी पोरं. गाडी पुढं जाते.)

खिडकीतून बिस्किटं, चॉकलेटं फेकू नका. गाडी दिसली की पोरं रस्त्यावर धावतात ती याच सवयीनं. काही द्यायचंच असेल तर वर शाळेत गुरुजींना भेटा.

(दृश्य : तोरणमाळजवळचा पाडा. कुडाचं घर, आतल्या चुलीचा धूर कौलांतून बाहेर.)

वर पोहोचल्यावरचा पहिला प्रश्न जेवणाचा. पुण्या-मुंबईचे काही गट सोबत आचारी, गॅसची टाकी, पनीर असं सगळं घेऊन येतात. या लवाजम्याची गरज नाही. इथल्या पावरा, भिल्ल घरांतल्या बाया गटाचं जेवण करून देतात, आणि त्या जेवणासाठी तरी एकदा इथं यावं. ज्वारीची नाहीतर मक्याची भाकरी, उडदाची घट्ट डाळ, लसूण-मिरचीचा ठेचा. पण हे हॉटेल नाही. हुकूम सोडला आणि ताट आलं, असं होत नाही. दोन दिवस आधी निरोप, नक्की आकडा आणि हातात उचल द्यावी लागते.

हिशेब असा. एका माणसाला अडीच भाकरी धरा, २८ जणांना ७०. एका भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ, म्हणजे सात किलो. डाळ माणशी ६० ते ७० ग्रॅम, म्हणजे दोन किलो पुरते. एका चुलीवर एक बाई तासाला वीसेक भाकरी करते. एकाच घरी सांगितलं तर तिला साडेतीन तास धुरात बसावं लागेल, आणि पहिली भाकरी थंड होऊन शेवटची यायची आहे. तीन घरी सांगा. तासा-सव्वातासात जेवण होतं, आणि पैसे तीन घरांत जातात.

(दृश्य : परात. पिठात कोमट पाणी. तळव्याखाली फिरत जाणारी भाकरी. बराच वेळ, आवाजासह.)

दळण आदल्या दिवशीचं असावं. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते. म्हणून उचल वेळेवर दिली पाहिजे. पैसे हातात आले की दाणे निघतात, दळण होतं. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरतो. ते पाणी सुकण्याआधी भाकरी उलटली नाही तर तिला भेगा पडतात. मग निखाऱ्यासमोर उभी. फुगली की ताटात.

पैसे रोख न्या, आणि सुट्टे न्या. मोबाइलची रेंज सगळीकडे सारखी मिळत नाही. ‘ताई, घरी गेल्यावर पाठवतो’ हे वाक्य इथं चालवू नका.

ताट-वाटी-पेला प्रत्येकानं आपापला आणायचा, स्टीलचा. दोन दिवसांत चार वेळा चहा झाला तरी २८ जणांचे ११२ कागदी कप होतात. ते उचलून न्यायला वर कचऱ्याची गाडी येईल असं धरू नका. ते तलावाकडे जातात. युरियाची नव्हे, धान्याची स्वच्छ रिकामी गोणी सोबत ठेवा. जे काही उरेल ते गोणीत, गोणी शहाद्याला परत.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर. २८ जणांचे ८४, म्हणजे एका दिवसाला २० लिटरचे पाच जार भरून घ्या. हात धुण्याचं पाणी वेगळं. उन्हाळ्यात पाड्यावरच्या पाण्यावर गटानं हात मारू नये, तिथं डोक्यावरून आणलेला हंडा असतो.

(दृश्य : सीताखाई. पावसाळा. धबधबा ढगात जातो आणि पुन्हा दिसतो.)

सीताखाई.

(दृश्य चालू. निवेदन थांबतं.)

कड्याच्या टोकाला बारीक मुरूम असतो. कोरडा असला तरी पायाखाली गोट्यांसारखा घरंगळतो, ओला असला की वरचं गवतही सुटतं. टोकापासून दहा पावलं अलीकडे एक माणूस बसवा. त्याच्या पुढं कुणी जायचं नाही. फोटो त्याच्या मागूनच काढायचे. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असू शकतं; इथं धूर, फटाका, ड्रोन, उग्र अत्तर, यातलं काही नको. माश्या उठल्या तर पळायला सपाट जागा नाही.

पावसाळ्यात हे दृश्य मिळतं, पण तेव्हाच दरडी येतात आणि धुक्यात पुढची गाडी दिसत नाही. लहान मुलं, वयस्कर माणसं असलेला गट ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच आणा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कडक असतात. माणशी एक घोंगडी किंवा जाड रजई घरून आणा, वर २८ मिळतील असं धरू नका. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते, घाट माणसांनी आणि गाड्यांनी भरून वाहतो. दर्शनाला यायचं तर जरूर या, पण त्या दिवसांत सहल ठेवू नका.

(दृश्य : खडकीची वाट. पुढं वाटाड्या, मागं रांग.)

खडकीकडे पहाटे निघायचं. दहा-बारा माणसांमागं एक वाटाड्या, म्हणजे या गटाला तीन. एक पुढं, एक मध्ये, एक शेवटी. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण दमलेला माणूस मागं पडतो आणि पुढच्यांना ते कळत नाही. मजुरी आदल्या संध्याकाळी ठरवा, तिघांना सारखी. वाटाड्या पावरी बोलतो, मराठीही बोलतो. तो ‘आता फिरा’ म्हणाला की फिरायचं. अस्वल, बिबट्या या जंगलात आहेत. मोहाची फुलं पडतात त्या दिवसांत पहाटे झाडाखाली अस्वल असणं नवलाचं नाही. चर्चा नको.

घरांचे, बायांचे, पोरांचे फोटो विचारून काढा. नाही म्हणाले तर नाही.

(दृश्य : तलाव. दुपारची शांतता. गाड्यांत सामान चढतंय.)

दुसऱ्या दिवशी अडीचला निघा. तीन वाजले तरी चालेल, चार नको. हिवाळ्यात सहाच्या सुमारास अंधार पडतो, त्याआधी गुरं घराकडे परततात आणि घाटाचा अर्धा रस्ता त्यांचा असतो. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. भरली गाडी चढावर थांबली तर पुन्हा सहज उठत नाही. आठवडे बाजाराचा दिवस असेल तर समोरून माणसांनी लगडलेल्या जीपा येतात, तो वार आधीच विचारून घ्या.

(दृश्य : राणीपूर. दोन्ही गाड्या उभ्या. चालक पुन्हा चाकाजवळ वाकलेला.)

घाट संपला. गाड्या इथं थांबतात. चालक चारही चाकांजवळ हात धरतो. ड्रम कोमट आहेत, वास नाही. क्लीनर चाकाखालचा दगड काढून बांधाला लावतो. पहिल्या गाडीत १४, दुसऱ्या गाडीत १४. टपावर गोणी.