पहाटे पावणेपाच ते रात्री नऊ : रामा राघोबा राणे यांचं परमवीर चक्र

मंडळी, परमवीर चक्र आजवर २१ जणांना मिळालं. त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर. म्हणजे ते पदक छातीवर लावून घ्यायला हयात राहिले सात, आणि त्या सातांत अधिकारी अवघे तीन : रामा राघोबा राणे, धनसिंग थापा आणि होशियार सिंग. थापांना तर आधी मरणोत्तरच जाहीर झालं होतं. ते चीनच्या कैदेत जिवंत आहेत हे नंतर कळलं. लष्कराच्या इंजिनिअर्सच्या कोअरमधून, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या विभागातून, हे पदक आजवर एकट्या राणे यांनाच मिळालं. आज त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

पदक दिसायला अगदी साधं. कांस्याचं, गोल, जेमतेम ३५ मिलिमीटर व्यासाचं, साधी जांभळी फीत. मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं. दधीचींनी आपल्या अस्थी दिल्या आणि त्यातून वज्र झालं, ती कथा इथे कुणाला सांगायला नको. गंमत अशी की ही कल्पना ज्यांची, त्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपियन, स्वित्झर्लंडच्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. पदकाची स्थापना २६ जानेवारी १९५० ची, पण लागू केलं १५ ऑगस्ट १९४७ पासून. राणे यांनी जे केलं ते एप्रिल १९४८ मध्ये. तेव्हा हे पदक अस्तित्वातच नव्हतं.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे. कारवार त्या वेळी मुंबई इलाख्यात. वडील पोलीस शिपाई, सतत बदल्या, त्यामुळे शाळेची आबाळ. १९४० मध्ये बाविसाव्या वर्षी ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे सॅपर, म्हणजे या विभागातले शिपाई, म्हणून भरती झाले, आणि आपल्या तुकडीत उत्कृष्ट रिक्रूट ठरून कमांडंटची छडी बक्षीस मिळवली. तिथून थेट ब्रह्मदेश. आराकानमधून सैन्य मागे हटत होतं, तेव्हा बुथिडाँगला साठे आणि मोक्याच्या गोष्टी उडवून द्यायला राणे आणि थोडे सॅपर मागे ठेवले. काम झालं की बोट येऊन त्यांना नेणार होती. ती आलीच नाही. जपानी गस्त असलेली नदी त्यांनी आपली आपणच ओलांडली आणि डिव्हिजन गाठली. राणे हवालदार झाले.

अधिकारी झाले ते १५ डिसेंबर १९४७ ला. सेकंड लेफ्टनंट म्हटलं की आपल्यासमोर वीस-बावीस वर्षांचा पोरगा येतो. हे होते एकोणतिशीचे, एक महायुद्ध पाहिलेले. पुढे चार महिन्यांच्या आत जे घडलं, ते समजून घ्यायचं तर हे विसरून चालणार नाही.

काश्मीरचं पहिलं युद्ध चालू होतं. जम्मू भागातलं राजौरी पाकिस्तानकडून आलेल्या टोळीवाल्यांच्या ताब्यात होतं. नौशेऱ्याहून तिथे रणगाडे न्यायचे होते, आणि वाट एकच, डोंगराला वळसे घेत जाणारी. शत्रूने ती सुरुंग पेरून, चीडची झाडं आडवी पाडून, मोऱ्या उडवून बंद केलेली. ८ एप्रिलला ४ डोग्रा ही पायदळाची पलटण वाटेतल्या बरवाली कड्यावर चढाई करणार होती. सव्विसाव्या मैलाजवळ राणे यांची तुकडी सुरुंग काढायला लागली न लागली, तोच उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर जागीच गेले, पाच जखमी. त्या पाचांत राणेही.

राणे यांचं प्रशस्तिपत्र जरूर वाचा. शौर्यपदकाचं वाटतच नाही. साइटवरच्या मुकादमाची नोंदवही वाटते. पहिल्या दिवशी कडा हाती आल्यावर रणगाड्यांसाठी अडथळ्याला वळसा घालणारा वळणरस्ता सुरू, काम रात्री दहापर्यंत, शत्रूच्या डोळ्यांदेखत. ९ तारखेला सकाळी सहा ते दुपारी तीन, वळणरस्ता तयार. मग राणे सगळ्यांत पुढच्या कॅरिअरमध्ये, म्हणजे चिलखती गाडीत. अर्ध्या मैलावर झाडं आडवी. उतरले, सुरुंग लावून उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी, वरून मशीनगन. सव्वासहाला उजेड जायला लागला आणि समोर पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग. हे तरीही भिडले, पण कमांडरने ताफा रात्रीपुरता थांबवला.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला पुन्हा सुरू. साडेसहाला तो अडथळा दूर. पुढचे हजार यार्ड साडेदहापर्यंत मोकळे. रणगाडे तावी नदीच्या पात्रात उतरून दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. जहांगीर काश्मीरहून परतताना वारला, त्याची आतडी पुरली ती सराई इथलीच. इथे राणे यांचं काम संपलं म्हणता आलं असतं. पण मागून रसद येणार होती, तिला रस्ताच लागणार. जखमी माणूस, पोटात अन्न नाही, आणि रात्री नऊपर्यंत काम. ११ तारखेला सहा ते अकरा, चिंगसचा रस्ता खुला. त्यानंतर पुढचा रस्ता, रात्री दहापर्यंत. १२ तारखेला राजौरी आपल्या हाती आलं.

राणे रणगाड्याखालून सरपटत सुरुंग चुकवत गेले, आणि दोन दोरांनी ड्रायव्हरला खुणा केल्या, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. प्रशस्तिपत्रात ती नाही. मला तिची उणीवही भासत नाही. आणखी एक पाहा : या अख्ख्या मजकुरात राणे यांनी शत्रूवर एक गोळी झाडल्याची नोंद नाही. देशाचा सर्वोच्च युद्धसन्मान इथे मिळाला तो रस्ता करणाऱ्याला.

पुढची कारकीर्द थोडक्यात. राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ ला पुण्यात वारले. शिपिंग कॉर्पोरेशनने एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं, २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही. कारवारच्या किनाऱ्यावर ‘चपळ’ युद्धनौकेचं संग्रहालय आहे ना, त्याच्याजवळ त्यांचा पुतळा आहे. गोव्याला जाणारे आपण बरेच जण पुढे कारवारलाही डोकावतो. तेव्हा तिथे गाडी जरा थांबवा.